एक हजार सातशे तीस किलोमीटर

मंगळवार, ९ मार्च

ताईला दवाखान्यात नेलं. सातवा महिना, रक्तदाब भलताच चढलाय, फिट येऊन गेली. फोन तिच्या घरमालकीणबाईंचा. भावोजींचा पाच महिने पत्ता नाही. आपलं म्हणावं असं तिला माणूस मी एकटीच.

इथल्या विमानतळापासून तिच्या विमानतळापर्यंत अंतर १,७३० किलोमीटर, वेळ दोन तास चाळीस मिनिटं. वेबसाइटवर असं खुशाल लिहिलंय — जणू विमान दारात उभंच आहे! सरळ विमान नाहीच. दोन्हीकडे एकेक धावपट्टी आणि पत्र्याची शेड. तीन विमानं बदलायची. शेवटचं अठरा जणांचं, आठवड्यातून तीनदा, तेही वारा नसेल तर. एकूण एकोणतीस तास.

रविवारी ती म्हणाली होती, पाय सुजलेत गं, येतेस का चार दिवस? मी म्हटलं, शनिवारी निघते. बनवायला घेतलेल्या दोन कवळ्या अर्धवट होत्या, दातांच्या डॉक्टरांना शुक्रवारी हव्या होत्या. कुणाच्या तरी दातांसाठी थांबले मी.

बुधवार, १० मार्च

दोन विमानं झाली. तिसरं रद्द — वारा. पुढचं शुक्रवारी. डोंगरातल्या रस्त्याने गाडीने गेले तरी दोन दिवस, म्हणजे तेच.

आता फक्त ३१० किलोमीटर. पंचावन्न मिनिटं! काउंटरवरच्या माणसाच्या हातापाया पडले. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "ताई, मी सोडलं तरी पायलट उतरवणार कुठे?" त्याच्या तोंडून ‘ताई’ ऐकलं आणि तिथेच फरशीवर बसून रडले.

तासाभराने डॉक्टरीणबाईंचा फोन. लगेच ऑपरेशन करावं लागेल, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे, तुमची संमती हवी.

मी म्हटलं, "माझ्या ताईला वाचवा. बाळाचं नंतर बघू."

असंच म्हटलं.

गुरुवार, ११ मार्च

ताई गेली. सकाळी सव्वासहाला.

दुपारी

मुलगी झालीय म्हणे. नऊशे चाळीस ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलीय. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, मी ऐकून घेतलं.

मला तिचं तोंड बघायचं नाही. ती नसती तर ताई असती.

घरमालकीणबाईंनी चाचरत विचारलं, अशा मुलांना सांभाळणारी एक संस्था आहे, कळवू का? कळवा म्हटलं. ताईला शेवटचं बघायचं आणि उलट्या पावली परतायचं.

शुक्रवार, १२ मार्च

वारा पडला. विमान बरोबर पंचावन्न मिनिटांत उतरलं. आज कसं उतरलं?

ताईचा चेहरा झोपल्यासारखा. केस कुणीतरी नीट विंचरले होते. ते मी करायचं होतं.

संध्याकाळी सगळं आटोपलं. तिच्या खोलीत बसलेय. पलंगावर अर्धं विणलेलं टोपडं, सुया तशाच. मला तर म्हणायची, विणकाम म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग.

शनिवार, १३ मार्च

ताईचं सामान घ्यायला दवाखान्यात गेले. नर्सने न विचारताच मला खुर्चीत बसवलं, बाळाला उघड्या छातीशी ठेवलं, वरून दुलई घातली. "ऊब लागते हो तिला. काल दिवसभर मीच घेऊन बसले होते."

अकरा वाजता संस्थेच्या बाई आल्या. त्यांना परत पाठवलं.

मग नर्सने फॉर्म भरायला घेतला. नातं काय लिहू म्हणाली.

लिहा, आई.