पिवळ्या पाळण्याचा आवाज

मुदखेड, शनिवार. मगरिबच्या नमाजनंतर.

अब्बांचा जत्रेतला जुना आकाशपाळणा नवा करून उभा केला. बेअरिंग, मोटर, बसायच्या जागा, सगळं बदललं. उद्या बागेत तो लोकांसाठी सुरू होणार, मंडपही टाकून झालाय. पण पिवळा पाळणा वर गेला की टक् वाजतं. परत परत खोलून पाहिलं, काहीच सापडत न्हाई. आता उद्याचं थांबवा म्हणू तर कोणाला?

आमचा रिवाज असा की पहिल्या फेरीत घरचं लेकरू बसवायचं, मग लोकांना भरवसा येतो. पोरीचा फ्रॉक इस्त्री करता करता बायको म्हणाली, "सानिया पिवळ्यातच बसते म्हणती. बसवायचं ना?"

हाव म्हणालो. कसं म्हणालो मी? कानात तेच टक्.

अब्बा दर जत्रेत पहिल्या फेरीला मलाच बसवायचे. त्यांनाही तेव्हा असं काही ऐकू येत होतं का?