शेजारच्या खाटेवरचा बर्फ

दिग्रस,
१७ नोव्हेंबर २००६

प्रिय बाबाराव,
सप्रेम जयभीम. कळंबला सगळे खुशाल असतील. इकडे मी यंत्राच्या कृपेने आहे.

पत्रास कारण, एक घोर अन्याय. डायलिसिसला आम्ही एसटीने यवतमाळला जातो. पाणी मोजकंच, म्हणून तहानेला थर्मासातला बर्फ चोखायचा. गेल्या खेपेस तुझ्या वहिनीने मोठा खडा शेजारच्या खाटेवरच्या इंद्रजितला दिला आणि चुरा मला. आपण संस्कृतच्या वर्गात एवढं न्यायशास्त्र घोकलं, त्यात यावर उपाय सापडत नाही.

हा इंद्रजित जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायचा. भाव पडले, जिनिंग बंद, पाठोपाठ मूत्रपिंडंही बंद; तरी गडी यंत्राला जोडलेला असताना गाणी म्हणतो. वहिनी पूर्वी माझ्याशी भेंड्या खेळायची, आता त्याच्याशी. मी घोरण्याचं सोंग करतो. ती म्हणते, "काहून चिडून राह्यले? त्या बिचाऱ्यासंगं कोणी येत नाही." बिचारा! इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नाही.

खरं म्हणजे भेंड्या मीच सोडल्या. शब्द ओठांशी येऊन माघारी जायचा. मग ती हळूच सुचवायची, पोराला सुचवावं तसं. ते सोसेना.

परवा नव्या नर्सने विचारलं, "काका, सोबत कोण? नाव सांगा." मी वहिनीकडे पाहिलं. भार्या, जाया, दारा, कलत्र, सगळ्या धावत आल्या. हिचं नाव तेवढं येईना. मी जन्मभर "ऐकलं का" वर भागवलेलं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, गुरुजी लाजले. वहिनी पदराआड हसली, "या वयात कायले लाजता?"

इंद्रजित पडल्या पडल्या म्हणाला, "घ्या गुरुजी उखाणा. नाही? मंग लिहा सिस्टर, सत्यशीला."

किती सहज घेतलं त्याने. त्याच्या तोंडातला खडा काढून घ्यावासा वाटला मला.

डॉक्टरांना आडून विचारलं. म्हणाले, या आजारात काहींचं असं होतं; मन खचूनही होतं, रक्तातल्या विषानेही. घरच्यांना घेऊन या, बोलू, तपासू.

घरच्यांना कसं सांगू? ती आळीभर सांगत सुटली आहे, "आमचे अजून लाजतात." तेव्हापासून केसात शेवंती माळते आहे.

तू ये. माझ्यादेखत तूच तिला सांग. मी लाजलो नव्हतो, बाबाराव. मला तिचं नाव आठवलं नव्हतं. आणि एखाद्या दिवशी ती समोर उभी असेल नि ही कोण, हेच मला कळणार नाही, याची भीती वाटते.

तुझा,
आणि सत्यशीलेचा,
संघदीप