दरीकडून काढलेला फोटो

४ मे

पोचले एकदाची! बस तीन तास वळणं घेत होती आणि पोटातलं सगळं तिच्याबरोबर फिरत होतं. पण उतरल्यावर अशी गार हवा लागली की सगळं माफ. डोंगराच्या पायथ्याशी दुमजली लॉज, आठ खोल्या, दारात ओळीनं वाळत घातलेले बूट. मला वरची कोपऱ्यातली खोली मिळाली आहे, खिडकीतून थेट माथा दिसतो. काम सोपं. पहाटे साडेपाचला पाहुण्यांबरोबर चढायला लागायचं, दहापर्यंत माथा, तिथे सगळ्यांचे फोटो, दुपारी खाली येऊन छापून द्यायचे. कॅमेरा लॉजचाच. जुना, वजनदार, पण लेन्स अशी की हातातून सोडवेना. वाट दाखवायला जो माणूस येतो त्याला सगळे शिट्टीच म्हणतात, कारण दर वळणावर शिट्टी मारून तो माणसं मोजतो. मालकीणबाई मोकळ्या वाटल्या.

ताईला फोन केला. म्हणाली, बघू किती दिवस टिकतेस. टिकणार! या वेळी तिला दाखवतेच.

५ मे

जेवणाच्या खोलीत एक भिंत आहे. इथले सगळ्यात चांगले फोटो तिच्यावर लावतात आणि खाली पट्टीवर काढणाऱ्याचं नाव. चौदा फोटो आहेत. चौदाही एकाच माणसाचे! माझ्या आधीचा फोटोवाला. गेल्या उन्हाळ्यात एकटाच माथ्यावर गेला. ट्रायपॉडवर कॅमेरा सापडला, तो सापडला नाही. वाईट झालं. पण खरं लिहायचं तर, आणि इथे नाही लिहायचं तर कुठे, मला त्याच्यापेक्षा त्या फोटोंचाच जास्त त्रास झाला. काय ऊन पकडलंय मेल्यानं! जेवण गेलं नाही. बाई म्हणाल्या, असा एक काढ, तुझंही नाव लावू. लावाल हो, लावावंच लागेल.

९ मे

चार चढाया झाल्या. माझे फोटो स्वच्छ, सगळ्यांचे डोळे उघडे, सगळे हसताहेत. पासपोर्टला चालतील असे. पाहुणे ते हातात घेतात, छान म्हणतात आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहतात. हे कोणी काढले हो? शिट्टीला तर तेवढंच हवं असतं. एका ढगासाठी तो कसा अर्धा अर्धा तास थांबायचा, हे आज तिसऱ्यांदा ऐकलं. मी म्हटलं, थांबायला काय, मीही थांबेन. तर तो हसला. गेलेल्या माणसाचं कौतुक हयात असलेल्यानं ऐकायचं तरी किती? लहानपणापासून मला हेच. आधी ताई, आता हा.

१२ मे

आज साधला! संध्याकाळी कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि त्रेचाळिसावा फोटो उघडून बघतच राहिले. माथ्यावरच्या सपाट खडकावर बसलेली सगळी मंडळी, पाठीवर ऊन, सगळ्यांच्या कडा उजळलेल्या. काढल्याचं आठवत नाही. पण कार्ड माझ्या कॅमेऱ्यातलं, दिवस आजचा, मग बोटही माझंच की.

छापून नाचतच बाईंकडे गेले. त्यांनी खूप वेळ बघितला, कपाटातून एक पट्टी काढली आणि फोटोखाली लावली. त्याचं नाव! मी म्हटलं, अहो बाई, ही माणसं आत्ता तुमच्या टेबलावर जेवताहेत. हो म्हणाल्या, पण फोटो त्याचा आहे. आणि माथ्यावर कड्यापासून चार हात लांब राहा, असंही सांगितलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोच फोटो ताईला माझा म्हणून पाठवला. तिचं उत्तर आलं, जमलं गं तुला. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी दहा वेळा वाचलं ते.

१५ मे

मुद्दाम नवं कार्ड घातलं होतं. त्यातही तसलेच तीन निघाले.

आज नीट बघितले. मंडळी पाठमोरी आहेत. त्यांच्या समोर, एक डोळा मिटून, कॅमेरा तोंडाला लावून मी उभी आहे. मी. माझा कॅमेरा माझ्या हातात आहे आणि फोटो त्याच कॅमेऱ्याच्या कार्डावर आहे. काढणारा दरीच्या बाजूला असला पाहिजे. तिथे जमीनच नाही, तीनशे फूट सरळ कडा. कोणी ड्रोन उडवला म्हणावं तर तो माझ्या कार्डावर कसा येईल? शिट्टीला दाखवलं. त्यानं फोटो उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, उद्यापासून खालच्या पठारावरच काढत जा.

खोलीत येऊन दाराला कडी घातली. तरी पुन्हा पुन्हा बघतेय. इतका चांगला का आहे तो?

१७ मे

दोन दिवस पठारावर. माझेच फोटो, पासपोर्टवाले. पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली, भिंतीवरचे तसले नाहीत का म्हणाले. ताईचा आपणहून फोन. आईनं तो फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय, आल्यागेल्याला दाखवते. अजून पाठव म्हणाली. मी हो म्हटलं. कुठून पाठवू?

१९ मे

माथ्यावर गेले. जायला नको होतं —

सात फोटो. मंडळी नाहीतच. फक्त मी. प्रत्येकात आधीच्यापेक्षा एक पाऊल पुढे. मी हललेसुद्धा नव्हते, खुणेच्या दगडाला टाच टेकवून उभी होते! सातव्यात चेहरा जवळून. माझा इतका खरा फोटो कोणी काढला नाही. सगळं दिसतंय त्यात. काय हावरट दिसते मी. त्याला कळलंय —

मला भीती वाटते. आणि जळफळाट होतो. दोन्ही एकदम.

२१ मे

बाईंनी कॅमेरा मागितला. नाही दिला. उद्याच्या बसनं घरी जा म्हणाल्या, रडकुंडीला आल्या होत्या. पण घरी जाऊन आईला काय सांगू? की तो फ्रेममधला फोटो — की मी नाही, तो —

२२ मे

माथा. दहाला पाच कमी. मंडळींना मागे टाकून एकटीच पुढे आले. इथेच बसून लिहितेय, म्हणजे नंतर कोणाला त्याचं नाव लावता येणार नाही.

तो जिथे उभा राहतो ती जागा सापडली. नुसत्या डोळ्यांना दरी दिसते. कॅमेऱ्यातून बघितलं की खडक आहे. सपाट, दोन पावलं मावतील एवढा. आणि आज रिकामा. म्हणजे तिथून एकदाच, एकच —

ऊन बरोबर आलंय. शिट्टी खालून ओरडतोय, माझ्याच नावानं. येऊन सगळं बिघडवेल.

पाय खाली सोडलेत. डावा टेकला. टेकतोय! गार आहे, पण घट्ट आहे. कोणीतरी धरल्यासारखा घट्ट.

हा माझा. दहा वाजून दोन मिनिटं. पट्टीवर माझं नाव, बाई, माझं. ताईला आधी पाठवा. आता उजवा ठेवते आणि