विषय : म्युझिक प्लेअर घेण्याबाबत

३ जानेवारी, सकाळी ७.१०
यंदा एकच संकल्प. बायकोला गाणी ऐकायचा छोटा प्लेअर घेऊन द्यायचा. १४ जूनला लग्नाला पंचवीस वर्षं होतात, त्याच्या आत. काल पडदे शिवताना ही म्हणाली, दिवसभर मशीनची घरघर ऐकून कान किटले, गाणी ऐकायला काहीतरी हवं. पंचवीस वर्षांत हिने मागितलेली ही दुसरी वस्तू. पहिली कोणती ते आठवत नाही.

दुपारी १.४०, ऑफिस
खरेदी विभागात एकोणीस वर्षं काढली. तीन कोटेशन्स आणि तुलनात्मक तक्ता असल्याशिवाय माझ्या टेबलावरून टाचणीसुद्धा पुढे गेलेली नाही. घरच्या वस्तूला वेगळा न्याय का?

११ जानेवारी
फायदे : खिशात मावतो. मशीनच्या आवाजावर उपाय. ही खूश.
तोटे : चार्जिंग. वायरचा गुंता. हरवण्याची शक्यता (हिच्या हातून). गाण्याच्या नादात टाके चुकले तर?
मुलीचं म्हणणं, बाबा, फोनवरच गाणी लागतात की. पण फोनवर गाणी ऐकताना मध्येच फोन येतो. मुद्दा तक्त्यात घेतला आणि निकाली काढला. सगळा तक्ता हिला वाचून दाखवला. ही "बरं" म्हणाली. संमती आहे.

९ फेब्रुवारी
दोन कोटेशन्स हातात. तिसरा दुकानदार म्हणतो, एका नगासाठी लेखी देत नाही. धंदा कसा करतात हे लोक? रोज जेवताना हिला प्रगती सांगतो. नवरा-बायकोत संवाद हवाच.

१२ मार्च
तिसरं कोटेशन मिळालं. पण पहिल्याची मुदत तीस दिवसांची, ती काल संपली. पुन्हा श्रीगणेशा. ही म्हणाली, "अहो, कुठलाही आणा ना आता."
कुठलाही! याच वृत्तीने ऑफिसात चाळीस डुगडुगत्या खुर्च्या आल्या होत्या. तासभर समजावलं. शेवटी हिने मान हलवली.

१८ एप्रिल
क्रमांक एकचं मॉडेल बाजारातून बंद. रकाने वाढवावे लागले. फाइल पूर्ण हवी म्हणून गरजेचं समर्थन हिच्याकडून लेखी मागितलं, चारच ओळी. हिने त्या कागदाची घडी करून शिलाई मशीनच्या पायाखाली सारली. मशीन आता हलत नाही, पण समर्थन बाकी आहे.

१४ जून
निर्णय दृष्टिपथात, फार तर दोन आठवडे. आज रिकाम्या हाताने कसं राहायचं म्हणून तक्त्याची रंगीत प्रत लॅमिनेट करून हिला भेट दिली. हिने वरचा वेष्टनाचा कागद सोडला, बराच वेळ पाहिलं, डोळे भरून आले. इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

१७ जून
ही एकटी जाऊन प्लेअर घेऊन आली. शिवणाच्या कमाईतून. दहा मिनिटांत! एकही कोटेशन नाही. रागाने जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.
नंतर खोका पाहिला. तक्त्यातला क्रमांक दोन. म्हणजे निवड माझीच.

५ जुलै
खरेदी यशस्वी. ही सकाळच्या चहापासून कानात घालून असते. मी बोलायला लागलो की हसून कानाकडे बोट दाखवते. टेंडर उघडलं त्या दिवशीची गंमत सांगत होतो, ती मंगळवारपासून अर्धीच राहिली आहे. पूर्वी ही काम करताना गुणगुणायची, आता तेही नाही. एकाग्रतेने ऐकत असणार. घर कसं शांत झालं आहे. जरा जास्तच.

२० जुलै, संध्याकाळी ५.००
ही पडदे पोचवायला गेली आणि प्लेअर मशीनवर विसरली. म्हटलं, एवढं काय ऐकते बघू तरी. कानात घातला. काहीच नाही. बॅटरी पूर्ण. गाणी : शून्य.
माल सदोष! मी सांगत नव्हतो? तडक दुकानात निघालो आहे.

५.४०
दुकानदाराने तपासला. म्हणाला, ठणठणीत आहे. मग म्हणाला, "गाणी भरून देऊ का, विचारलं होतं मी. मॅडम नको म्हणाल्या. बाहेरचं काही ऐकू येत नाही ना, एवढंच विचारत होत्या."
मी सांगितलं, घरी मशीनची घरघर फार असते. त्याने वायर गुंडाळून प्लेअर परत दिला.

६.३०
प्लेअर होता तसा ठेवून दिला. ही आली, कानात घातला, मशीन सुरू केलं. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. तक्ता वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "चुकलं माझं. तू बोल, मी ऐकतो."
हिचा पाय थांबला. मशीन थांबलं. दोन श्वास होतील इतका वेळ. हिने मान वर केली नाही. मग पाय पुन्हा सुरू झाला.
दोरा अडकला असावा.