कोंढ्याचं गुप्त गिऱ्हाईक

३ नोव्हेंबर, सोमवार

हे डायरी खतवाल्यानं आमच्या राजकुमारले जानेवारीत फुकट देली. त्यानं पहिल्या पानावर "युरिया चार बोऱ्या" लिहिलं आणि खुंटीवरच्या थैलीत टाकून देली. दहा महिने कोरी पडली. चौथी शिकलेल्या बाईनं डायरी लिहू नये असं त्यात कुठं छापलं नाही, मी पाह्यलं. आजपासून मी लिहिणार. कारण मले नोकरी लागली.

नोकरी नातीनं शोधली. गुंजन, राजकुमारची पोरगी, भंडाऱ्याले कॉलेजात जाते. तिच्या मोबाईलमध्ये एक कंपनी आहे. ते कंपनी म्हणते, दुकानात गिऱ्हाईक बनून जा, दुकानदार कसा बोलते, पाणी विचारते का, झाडलोट केली का, सगळं पाहा, कोणाले काही सांगू नका, घरी येऊन लिहून पाठवा. त्याचे पैसे. त्याले मिस्ट्री शॉपिंग म्हणते. मी म्हटलं, बाई, हे काम मी साठ वर्षं फुकटात केलं. कोणाच्या घरी गेली का चूल, मोरी, सून, सगळं पाहून येते आणि घरी येऊन सांगते. फॉर्म नव्हता तेवढाच फरक.

कंपनीले म्हातारी माणसं पाहिजेच होती म्हणे. अख्ख्या पवनी तालुक्यातून मी एकटी भरती झाली.

आता खरं कारण. कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. माझी लेक रुपा पुण्याले असते. फ्लॅट घेऊन तीन वर्षं झाले, मी अजून तिचा उंबरठा पाह्यला नाही. राजकुमार म्हणते, धान निघू दे मग नेतो. तीन वर्षांपासून धान निघूनच राहिलं. रुपा म्हणते, आई, मी तिकीट पाठवते. पण लेकीच्या पैशानं लेकीच्या घरी जायचं नसते. माझी माय माझ्या घरी यायची तं आपल्या पोटापुरता तांदूळ पदरात बांधून आणायची. तिची पोरगी होऊन मी फुकटचं तिकीट घेऊ का. म्हणून आपल्या कमाईनं जायचं. मोठ्या शहरात हे कंपनी बोनस देते आणि प्रवास खर्च पण देते. म्हणजे झालंच.

निश्चय: गुप्त काम आहे, कोणाले सांगायचं नाही.

सत्यभामाले सांगतलं. ते जाऊ आहे, घरातलीच.

४ नोव्हेंबर

सत्यभामानं चक्कीवर सांगतलं. तीन बायांनी विचारलं, काय वच्छलाबाई, गुप्त काम कसं चाललं. मी म्हटलं, कोणतं काम. बरोबर लपवलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिलं काम झालं. भंडाऱ्याचं मिक्सरचं दुकान. फी अडीचशे. बोनस नाही, प्रवास खर्च नाही, कारण भंडारा मोठं शहर नाही म्हणे. हे कंपनीनं कलेक्टरले विचारलं का माहीत नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावून गेली, म्हणजे कोणी ओळखू नये. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, आजी, दुसरा डोळा केला का. मी खिडकीकडे तोंड केलं. एस.टी.त अर्धं तिकीट लागलं. कंपनीले पूर्ण लिहू का, असं गुंजनले विचारलं. ते म्हणाली, आजी, खर्च मिळतच नाही तं काय लिहू.

खाली हातानं कोणाच्या दारात जायचं कसं, म्हणून किलोभर नवा चिन्नोर तांदूळ नेला. दुकानात एक पोरगा होता, परसराम. त्यानं विचारलं, मावशी, मिक्सर दाखवू का. मी म्हटलं, दाखव, पण आधी सांग कोण्या गावचा. आंबागडचा निघाला. त्याच्या मोठ्या मावशीले आमच्या कोंढ्यात देली आहे. मग काय, दीड तास बसली. लग्नाचं पाहून राहिले त्याच्या. मिक्सर पाहायचा राहून गेला.

फॉर्ममध्ये बत्तीस प्रश्न. कर्मचाऱ्याचं नाव: मी गुंजनले त्याच्या बापाचं, आज्याचं, गावाचं आणि किती एकर आहे ते पण लिहायले लावलं. किती मिनिटं थांबावं लागलं: लिही म्हटलं, आपल्या माणसाकडे घड्याळ पाहत नसते. स्वच्छता: गुंजन म्हणाली, आजी, तूच सांगतलं कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या होत्या. मी म्हटलं, उंदीर भाड्याच्या जागेतला आहे, पोराचा काय दोष. दहापैकी दहा देले. आकडा कमी लिहिला आणि तो पोरीवाल्याइले कळला तं पोराचं लग्न मोडलं असतं.

तांदूळ देला तं पोरगा पाया पडला. हे फॉर्ममध्ये लिहायले जागाच नव्हती. कंपनीनं सुधारावं.

१२ नोव्हेंबर

पैसे नाही आले. "पेंडिंग" लिहून आहे. दहा देले आहे, येईनच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नागपूर. साडीचं शोरूम, तीन मजले. फी चारशे आणि वर बोनस तीनशे. बोनस काहून, तं चार दिवसांपासून ते काम कोणी घेऊन नाही राहिलं. गुंजन म्हणाली, नागपूरचे लोकं घेत नाही कारण पार्किंग नाही. मले पार्किंगचं काय करायचं. लोकं किती मूर्ख असते.

संगं सत्यभामाले नेलं, आडोसा म्हणून. एकटी म्हातारी साड्या पाहते तं संशय येते. तिले बजावलं, तोंड उघडायचं नाही. तिनं गाडीपर्यंत उघडलं नाही, शोरूमपर्यंतही नाही. आत एका पोरीनं सुती साडी दाखवली तं सत्यभामा म्हणाली, अवो बाई, नीट दाखव, हे कंपनीची आहे, दहापैकी नंबर देते.

त्याच्यानंतर जे सेवा झाली ते मी आयुष्यात पाह्यली नाही. खुर्ची आली. पंखा आला, आम्ही एसीत बसून असताना. चहा, खारी, मग मॅनेजर स्वतः आला. हात जोडून म्हणे, आजी, आमच्यात काही कमी. मी म्हटलं, जिन्याचा कठडा खालून ढिला आहे. त्यानं तिथंच माणूस बोलावला. शेवटी नाव-गाव विचारून आमचा फोटो काढला आणि म्हणाला, हे आमच्या सगळ्या दुकानांच्या ग्रुपवर टाकतो, पुण्यात पण आमचं चष्म्याचं दुकान आहे. एका दिवसात इतकी माया. सत्यभामाले मागची जुनी साडी पन्नास रुपयांत देली.

दहापैकी दहा. प्रश्न होता, तुमची ओळख उघड झाली का. मी "नाही" लिहायले लावलं, कारण ओळख सत्यभामानं सांगतली, मी नाही.

१९ नोव्हेंबर

कंपनीच्या मॅडमचा फोन गुंजनले. म्हणे, नागपूरच्या मॅनेजरनं आमचे आभार मानले, तुमच्या आजीबाई फार चांगल्या आहे म्हणून. गुंजन म्हणते, आजी, हे वाईट झालं. मी म्हटलं, कोणी चांगलं म्हटलं तं वाईट कसं होईन. मॅडम म्हणे, आता एक चूक झाली तं नाव काढून टाकू. नागपूरचे पैसे नाही, मिक्सरचे पण नाही.

निश्चय: पुढच्या दुकानात कोणाले गाव विचारायचं नाही. तांदूळ न्यायचा नाही. सत्यभामा न्यायची नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही.

रात्रभर विचार केला तं लक्षात आलं, मॅडम मले दाबून राहिली, कारण मी जास्त कमाई करेन याची तिले भीती आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पुण्याचं काम निघालं. चष्म्याचं दुकान. फी पाचशे, बोनस सातशे आणि प्रवास खर्च. मी गुंजनचा हात धरून बटन दाबलं.

गुंजन म्हणते, आजी, प्रवास खर्च दीडशे रुपयांपर्यंतच आहे, रिक्षाचा नाहीतर मेट्रोचा, शहराच्या आतला. मी म्हटलं, मले पुण्याच्या आतच तं जायचं आहे. पोरगी डोक्याले हात लावून बसली. कॉलेजात हिशोब शिकवत नाही वाटते.

राजकुमार जेवता जेवता म्हणे, आई, तुले पुण्याले जायले कोण पैसे देऊन राहिलं. मी म्हटलं, कंपनी. तो म्हणे, कोणती. मी म्हटलं, गुप्त आहे. हसून हसून त्याले ठसका लागला. घरातली लाखोरी डाळीची अर्धी बोरी विकली आणि जायचं तिकीट काढलं. यायचं तिकीट फीमधून निघेन. बोनसमधून रुपाले साडी. महिनाभर राहीन तिच्याकडे, चांगलं निवांत.

२७ नोव्हेंबर, गाडीत

वरठीहून गाडी वेळेवर. डब्यात शब्द बोलली नाही. सराव.

वर्धेच्या पुढं समोरच्या बाईनं विचारलं, आजी, कुठं. गप्प बसवेना, तं सगळं सांगतलं. तिची बहीण पुण्यालेच चष्म्याच्या दुकानात आहे, पण वेगळ्या. विचारून घेतलं, म्हणजे धोका नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काम फत्ते. 

काल रुपाच्या घरी पोचली. जावई अमर आज दुकानापर्यंत सोडायले आले, मी त्याइले बाहेरच थांबवलं. पदर तोंडावर घेऊन आत गेली, निश्चयाप्रमाणे एक शब्द नाही. दारातच पोरगी म्हणाली, या वच्छलाताई, प्रवास कसा झाला. पुण्याची माणसं शिकलेली असते, नाव न सांगता नाव माहीत असते. बसायले गादीची खुर्ची. डोळे तपासणारा म्हणाला, कोंढ्याले धान कसं आहे यंदा. मी मान हलवली फक्त. मग काउंटरच्या काचेखाली पाह्यलं तं माझा आणि सत्यभामाचा फोटो. खाली इंग्रजीत काही लिहिलं होतं लाल पेनानं. देवाचा ठेवते तसा ठेवला होता.

मी ओळख सांगतली नाही. एकदा पण नाही. गुंजनले फोनवर सांगून दहापैकी दहा देले, हे दहा तं खरेच होते.

१ डिसेंबर, सोमवार

कंपनीचा मेसेज आला, गुंजननं तो रुपाच्या मोबाईलवर पाठवला. रुपानं वाचून दाखवला, दोनदा. नाव काढून टाकलं. म्हणे तिन्ही दुकानांले दहापैकी दहा, अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा. फी नाही, बोनस नाही. रिक्षाचे दीडशे पण नाही, कारण मी जावयाच्या गाडीवर गेली.

म्हणजे यायचं तिकीट राहिलं.

रुपा म्हणाली, आई, मी काढते ना. मी म्हटलं, नाही. ते म्हणाली, दोनशे वेळा तुझं हेच. मी म्हटलं, तुझ्या आजीनं माझ्याकडे पाणी पिताना पण कळशी भरून ठेवली आधी. दोघी दोन कोपऱ्यात बसलो. अमर ऑफिसातून आले आणि आमच्या मधात टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत बसले.

रात्री रुपानंच मार्ग काढला. माझी लेक हुशार आहे, माझ्यावर गेली. म्हणाली, आई, तू आमच्या घराची मिस्ट्री शॉपिंग कर. रिपोर्ट लिही. त्याची फी म्हणून परतीचं तिकीट. कमाईचं झालं ना मग. मी म्हटलं, हे चालते.

२ डिसेंबर

दिवसभर पाह्यलं. यावेळी चुकायचं नाही. सगळ्याइले दहा देले म्हणून विश्वास गेला, मॅडमनं लिहूनच पाठवलं. आपलं माणूस असो का परकं, खरं तेच लिहायचं. रुपापण म्हणाली होती, खरं लिही आई, मले वाईट नाही वाटणार.

रिपोर्ट असा:

स्वागत: मी आली तेव्हा दार उघडायले चार मिनिटं. हसली, पण उशिरा.
पाणी: विचारलं. मशीनचं आहे, चव नाही.
भात: कुकरचा. लेकीले भात येत नाही हे मले लग्नाच्या आधीपासून माहीत होतं, पण पुण्यात येऊन आणखी बिघडला.
स्वच्छता: पुढून चांगली. फ्रिजच्या मागं पाह्यलं.
कर्मचाऱ्यानं गरज नसलेली वस्तू घ्यायचा आग्रह केला का: हो. ओट्स, तीनदा.
कर्मचाऱ्याचं बोलणं: आईले उलटून बोलते.
जावई: दिवसा घरी नसते, त्यामुळे तक्रार नाही. आठ.
रुपा: चार.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी रुपानं रिपोर्ट उभ्यानं वाचला. मग बसून वाचला. मग फ्रिज सरकवून मागं पाह्यलं. अमरनं आठ नंबरवर बोट ठेवलं, तं रुपानं त्याइच्याकडे असं पाह्यलं का ते ऑफिसले डबा विसरून गेले.

तेव्हापासून बोलली नाही. कामात असेन.

पण शब्दाची पक्की निघाली. दहा वाजता मोबाईल घेऊन बसली आणि माझं तिकीट काढलं. उद्याचंच. मी म्हटलं, मी तं महिनाभराची आली होती. अमरनं फोनवर सांगतलं का आठ दिवसांनंतरचं साधं तिकीट मिळून राहिलं, ते स्वस्त पडते. रुपा म्हणाली, नाही, तत्काळच काढायचं. त्याले चारशे रुपये वरून जास्त लागले, तरी तिनं भरले.

फी तिकिटाची. वरचे चारशे म्हणजे बोनस.