विहिणीला कोण विचारतं

मळा, ता. सिल्लोड
दि. ११ फेब्रुवारी २०२५

चि. सोनियास,
आईचे आशीर्वाद, आन् रागबी. वि. वि. की, इकडं सगळे बरे हायत. डब्यात भाकरी, ठेचा आन् मेथी हाय. पिशवी कंडक्टरजवळ दिलीय, स्टँडवर वेळेत जा. मागच्या खेपेला भाजी आंबवलीस. फोन तुझ्या बापाच्या खिशात असतो आन् तो आवाज मोठा करूनच बोलतो, म्हणून हा कागद.

रविवारी सत्यमकडचे तुला बघायला आले. पोरीनं मान खाली घालून चहा द्यायचा, नाव-शिक्षण सांगायचं आन् उठायचं. तू काय केलंस? सत्यमची आई, आशाबाई, पाणी प्यायला चुलीपाशी आली तर तिलाच विचारत बसलीस. किती वाजता उठता, सगळ्यांच्या मागून जेवता का, घरात कुणी हात उचलतं का. विहिणीला असं विचारत्यात व्हय? कॉलेजात बायांचा अभ्यास शिकवत्यात तो कॉलेजातच ठेवायचा. मी भजी सोडत होते, माझा हातच थांबला. ती बाई आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडली. तुम्ही काय कुजबुजलात ते तेलाच्या आवाजात मला ऐकू आलं नाय. वाटलं, मोडलं स्थळ.

तर काल त्यांचा होकार आला! तुझा बाप शेजारच्या मळ्यापर्यंत सांगत सुटलाय. मध्यस्थ म्हणे, आशाबाईनंच हट्ट धरलाय, ही पोरगी नाय तर दुसरी बघायची नाय. आठ दिवसांत सुपारी फोडायची म्हणत्यात. पोराला नोकरी, सिल्लोडात घर, शेती. नाव ठेवायला जागा नाय. पण ती बाई रडली कशानं? तिनं तुला काय सांगितलं ते खरं खरं लिही.

जेवत जा. लोभ हाय, पण तो लई ताणू नकोस.
तुझी आई,
सत्यभामा


विद्यार्थिनी वसतिगृह, छत्रपती संभाजीनगर
दि. १३ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. नमस्कार. डबा मिळाला, भाजी आंबली नाही. मोकळ्या डब्यातच हे पत्र घालते.

त्यांनी मला मनगट दाखवलं. हाड वाकडं बसलंय. नवऱ्यानं उंबऱ्यातच हात पिरगाळला होता, आणि दवाखान्यात मात्र ‘न्हाणीत पडले’ असं त्यांनाच सांगावं लागलं. लग्न होऊन आल्यापासून हे विचारणारी मीच पहिली, असं म्हणाल्या. सत्यम तेव्हा दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. आई चल, बाबा खोळंबलेत, एवढंच म्हणाला. मनगटाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. म्हणून मला त्या घरात जायचं नाही. त्याच्या बापापेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

आई, कसं विचारायचं हे आम्हाला मॅडमनी शिकवलं. बाई रडली तर थांबायचं, पाणी द्यायचं, मदतीचा नंबर द्यायचा. मी नंबर दिला. फोन कुणाचा वापरू, असं त्यांनी विचारलं. मी पुन्हा तोच नंबर सांगितला. वर्गात सगळ्यात मोठ्यानं मीच बोलत असते. आता तासाला बसले की त्यांचं मनगटच दिसतं.

नकार कळव. आणि माझ्यामुळे त्यांना मार बसणार नाही असं काहीतरी बघ. कसं, ते मला सुचत नाही.

बाबांना नमस्कार. माझ्यावर रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझी,
सोनिया


मळा, ता. सिल्लोड
दि. २१ फेब्रुवारी २०२५

चि. सोनियास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. की, तू सुटलीस. आधी पोटभर जेव, मग पुढचं वाच.

तुझ्या बापाला मी सांगितलं. तो म्हणाला, हात उचलत नाय असं एक घर दाखव. मी काय दाखवणार? तू विहिणीला विचारलंस, मला कधी विचारलं नाय, ते बरंच केलंस. मग मी दोन दिवस चूल पेटवली नाय. तवा कुठं त्यानं मध्यस्थाला फोन लावला. पत्रिका जुळत नाय असं सांगायला लावलं. खरं कारण दिलं असतं तर तिचं दुसरं मनगट गेलं असतं.

वाटलं, मिटलं. तर काल सिल्लोडच्या बाजारात आशाबाई लसणाच्या पाट्यांपाशी माझी वाट बघत उभी. भांडली असती तर मीबी भांडले असते, मला ते जमतं. ती भांडली नाय. माझा हात धरून म्हणाली, पोरगी द्या, तिच्या वाटचंबी मी सोशीन, पण घरात एक विचारणारं माणूस पाहिजे. मी म्हणाले, पत्रिका नाय जुळत बाई. ती म्हणाली, पत्रिका कुणी बघितलीच नाय हे तिला ठाऊक हाय. मग म्हणाली, लग्न नाय तर नाय, पोरीला एकदा नुसती बोलायला तरी धाडा.

तुला धाडलं तर ते बाप-लेक बघतील आन् तिलाच भोवंल. आपल्या मळ्यात ये म्हणावं, तर तुझा बाप दारात बसलेला. हात सोडवला, लसूण न घेताच एसटी धरली. गाडी हलली तरी ती तिथंच उभी.

पुढच्या बाजाराला ती परत येणार, आन् मला तर दुसरा बाजार नाय. तुझ्या मॅडमला विचार, बाईला विचारून झाल्यावर पुढं काय करत्यात. ठाऊक असंल तर बाजाराच्या आधी डब्यातून कळव. त्यांनाबी ठाऊक नसंल, तर तेबी लिही. तिच्यापुढं उभं तर मलाच राहायचंय.

हाय तो लोभ असू दे, माझ्यापाशी दुसरं काय हाय.
तुझी आई,
सत्यभामा