निरोगी नमुना

६ जानेवारी
वर्षाचा आराखडा तयार. पेशीत एक प्रथिन असतं, ते ड जीवनसत्त्व पकडतं. त्याला रिसेप्टर म्हणतात. उन्हात काम करणाऱ्या बायकांमध्ये तो किती तयार होतो, हे मोजायचं. ३१ मार्चला फेलोशिप संपते. त्याआधी कमिटीला ठोस निकाल दाखवला तर एक वर्ष मुदतवाढ, म्हणजे पीएचडी पूर्ण. नाहीतर कोरेगाव, घर आणि स्थळं. निकाल मिळेल.

९ जानेवारी
तुलनेसाठी निरोगी माणूस लागतो. त्याचा आकडा एक धरायचा, बाकीचे त्याच्या पटीत. त्याला कंट्रोल म्हणतात. आमच्या लॅबमध्ये त्यासाठी जो तो आपलंच रक्त काढतो. मीही काढलं. तीन वर्षांत एक सिक लीव्ह नाही. माझ्याहून निरोगी कोण?

१७ जानेवारी
शिरवणे, नवी मुंबईतलं जुनं गाव. मासळीवाल्या जाईबाईंच्या ओट्यावर बारा बायकांचं रक्त घेतलं. सगळ्या उघड्यावर मासळी विकतात. जाईबाई म्हणाल्या, आमचा रगत नेतंस, नि तोंड तुजाच पांढरा हाय. बायका बराच वेळ हसल्या. मी स्टोल नीट केला. स्टोल, हातमोजे, एसपीएफ पन्नासचं सनस्क्रीन. त्वचेबाबत मी शास्त्रीय आहे.

२ फेब्रुवारी
जिना चढताना मांड्या भरून येतात. पायऱ्यांची उंची मोजली. चुकीची आहे. कंबर दुखते, नव्या खुर्चीसाठी अर्ज केला. केस गळतात. सोसायटीचं पाणी.

११ फेब्रुवारी
निकाल. बाराही जणी माझ्या तिपटीच्या वर. पुन्हा करून पाहिलं. तेच. मी शांत राहिले. परिषदेला निबंधाचा गोषवारा पाठवला. शीर्षकात 'प्रथमच' हा शब्द आहे.

१४ फेब्रुवारी
ज्युनिअर दिपेशने स्वतःचं रक्त लावून पाहिलं. तोही तिप्पट. म्हटलं, साहजिक आहे, तू बोनकोड्याचा, शिरवण्यासारख्याच मूळ गावातला. तो म्हणाला, ताई, मी दिवसभर इथेच एसीत असतो, घरी मम्मी ड जीवनसत्त्वाची पुडी पाजते, बाकी काय नाय. आनुवंशिकताच. थिसिसमध्ये एक प्रकरण वाढलं.

२० फेब्रुवारी
माझ्या गाइड सुनीती मॅडम यांनी स्वतःचं रक्त दिलं. तिप्पट. मॅडम मूळच्या नागपूरच्या, राहतात बाविसाव्या मजल्यावर. म्हणजे हा शोध शिरवण्यापुरता नाही, नवी मुंबईभर आहे. खाडीची हवा असावी. शीर्षकातून शिरवणे काढलं.
मॅडम आलेखाकडे पाहत राहिल्या. मग विचारलं, कंट्रोल कोण आहे? सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

२४ फेब्रुवारी
मॅडमच्या आग्रहाखातर माझं ड जीवनसत्त्व बाहेर तपासून घेतलं. रिपोर्टमध्ये आकडाच नाही. 'मोजता येईल त्यापेक्षा कमी.' किट खराब असणार. दुसऱ्या लॅबमध्ये दिलं. त्यांचंही किट खराब.

१० मार्च
कमिटी. बाकी सगळे नॉर्मल आहेत, मी एक तृतीयांश आहे. गोषवारा मागे घेतला. नवे कंट्रोल घेऊन प्रयोग पुन्हा करायला मुदतवाढ हवी. मुदतवाढीला निकाल हवा. हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे मांडलं. एका सरांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि म्हणाले, बसून बोल, बाळ.

३१ मार्च
मुदतवाढ नाही. प्रकल्प मात्र बंद पडलेला नाही, ही समाधानाची बाब. दिपेश पुढे नेणार आहे. विषय थोडा बदललाय: ड जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असलेल्यांमधला रिसेप्टर. पहिला रुग्ण त्याला मिळालाय.
मी निघण्याआधी त्याने मला संमतिपत्र वाचून दाखवलं. मसुदा माझा, वाचायची पद्धतही माझीच, थांबत थांबत, निरक्षर माणसालाही कळेल अशी. सहभाग ऐच्छिक आहे. केव्हाही बाहेर पडता येईल. मी बाही वर केली. त्याने नियमाप्रमाणे विचारलं, काही विचारायचंय का?
नाही म्हटलं.